रकाना सातवा

राजधानीपासून पाच तास उत्तरेला गाडी हाणत आले मी,
मागच्या सीटवर फॉर्मचे तीन गठ्ठे,
रेडिओवर आता फक्त फ्रेंच लागतंय.
नदीपलीकडे कॅनडा. अलीकडे आमचं मेन राज्य,
आणि राज्याच्या पैशावर चालणारं हे लहानसं कॉलेज,
जिथे बर्फ एप्रिलपर्यंत खिडकीशी हटून बसतो.

प्राध्यापक थेरियो दारातच म्हणाले,
"या, सरकार. आधी कॉफी, की आधी आमची किंमत?"
मी कॉफी घेतली. पातळ होती.
त्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

रकाना सातवा:
अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याच्या पदरात काय पडलं?
उत्तर टक्क्यांत लिहावे.

हसू नका. हा प्रश्न मी भांडून घातलाय त्यात.
माझा भाऊ एमिल चार वर्षं शिकला,
झगा घातला, टोपी उडवली,
आणि ट्रकच्या कर्जाचा कागद
फोनवर मला वाचून दाखवला, अडखळत,
"म्हणजे नेमकं काय गं?"
सही त्याने आधीच केली होती.

आईने फ्राईजच्या कारखान्यात रात्रपाळ्या करून
जो कर भरला, त्यातला एक डॉलर कुठे मुरला
हे विचारायला कुणीतरी यायलाच हवं.
ते कुणीतरी म्हणजे मी. पगारी.

पण मापाशी माझी ओळख त्याहून जुनी.
सप्टेंबरात शाळा तीन आठवडे बंद,
सगळी पोरं बटाट्याच्या रानात,
भरलेल्या पिंपावर आपापल्या नंबरचं तिकीट. माझं एकेचाळीस.
पिंपामागे पन्नास सेंट.
तिसऱ्याच दिवशी मला कळलं
तळाशी पाला कोंबायचा, वर थोराड बटाटे रचायचे.
मापात पाप.
तिकीट खोटं नव्हतं, पिंपही काठोकाठ होतं.
तेव्हापासून आकडे फार छान आले
की माझा हात आपसूक तळाशी जातो.

यंदा ब्याण्णव टक्के.
"पेपर सोपा काढलात?"
थेरियो गोठलेल्या नदीकडे बघत राहिले.
"अवघड काढला होता त्या वर्षी
तुम्ही आमचं अनुदान कापलंत," म्हणाले.
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुपारी नर्सिंगची प्रयोगशाळा.
रबरी पेशंट, प्लास्टिकची शीर, भिंतीवर घड्याळ.
डेल्फीन वेलेट, वय एकोणचाळीस,
रात्री पेट्रोलपंप, सकाळी दोन मुलांचे डबे,
सिरिंज भरते आहे.
बाकीच्या टोचून मोकळ्या झाल्या.
ही थांबते.
सिरिंज उजेडाकडे धरते, खाली ठेवते.
"हा दशांश मला पटत नाही. कुणालातरी विचारून येते."
तोवर घंटा झाली.
शून्य.

दशांश बरोबर होता, खरं सांगायचं तर.
तरीही त्या खाटेवर आई असती
तर मला हीच बाई हवी होती,
जी न पटलं की थांबते.

रात्री मोटेलमध्ये, हीटर कण्हतोय.
सातव्या रकान्यात मी टाइप केलं: थांबली.
लाल अक्षरं आली: फक्त अंक भरा.
रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही.
नियम माझ्याच खात्याचा,
बहुतेक माझ्याच सहीचा.

मी शून्य भरलं.
पान उघडलं.

मग एमिलला फोन लावला. अकरा वाजून गेलेले.
"काय झालं? आई बरी आहे ना?"
बरी आहे, म्हटलं.
तो कर्जाचा कागद अजून आहे का तुझ्याकडे?
काढ.
चष्मा लाव.
पहिल्या ओळीपासून वाच, सावकाश,
आणि जिथे पटणार नाही, तिथे थांब.